जर्मनी : नवरा बी.ई., बायको नर्स, आधी अर्ज कुणाचा?

प्रश्न (खानापूर, जि. बेळगाव): नवरा व्हीटीयूचा (बेळगावच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचा) मेकॅनिकल, बायको जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), माहेर चंदगड (जि. कोल्हापूर). दोघांनाही तिथं काम करायचंय. सुरुवात कुठनं?

उत्तर १: भावा, तुला पुरेशा पगाराची ऑफर आली तर ब्लू कार्ड (पदवीधरांना मिळणारा काम-राहण्याचा परवाना). मग वहिनींना व्हिसासाठी ए१ (अगदी सुरुवातीच्या पातळीचं) जर्मन लागत नाही आणि तिथं नोकरीची मोकळीक मिळते. नर्स म्हणूनच काम हवं तर मात्र शिक्षणाची मान्यता घ्यावी लागते, आणि भाषा साधारण बी२ (ए१ च्या तीन पायऱ्या वर). क्लास आत्ताच लावा, त्यालाच जास्त वेळ जातो.

उत्तर २: ब्लू कार्डसाठी डिग्री अनाबिनवर (परदेशी पदव्यांची जर्मन ऑनलाइन यादी) बघ. विद्यापीठापुढं एच+ (म्हणजे संस्था मान्य) दिसलं म्हणून खूश होऊ नको, कोर्सही तिथं सापडला पाहिजे. नसेल तर झेडएबीकडनं (परदेशी पदव्या तपासणारं जर्मन सरकारी कार्यालय) डिग्रीच्या समकक्षतेचं पत्र काढ.

उत्तर ३: खरा घोळ कागदांचा. कर्नाटकवाल्यांचा व्हिसा अर्ज बेंगळुरूच्या जर्मन वकिलातीला, कोल्हापूर जिल्ह्याचा मुंबईच्या. वहिनींच्या पासपोर्टवर अजून चंदगडचा पत्ता असेल तर आधी बदला. सरनेमचा रकाना रिकामा आणि आडनाव गिव्हन नेममध्ये, हेही आपल्याकडं फार. तेही त्याच फेरीत दुरुस्त करा. लग्नाचा दाखला कन्नडमध्ये असेल तर भाषांतर लागणार. आणि एजंट अपॉस्टिलचे (कागद खरा असल्याचा परराष्ट्र खात्याचा शिक्का) पैसे मागेल, लगेच देऊ नका, वकिलातीच्या यादीत ते मागितलंय का आधी बघा.