दरडोई उत्पन्न अडीच लाखांचं, मग मुलांचं पोषण देशाच्या सरासरीखाली कसं?

गोदाकाठ (प्रश्न)

आमच्या अभ्यासगटाला जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांसाठी चार पानी टिपण करायचं आहे. २०२२-२३ मध्ये महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न सुमारे अडीच लाख रुपये होतं. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (एनएफएचएस-५) राज्यातली पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं कमी वजनाची निघाली, देशाचा आकडा ३२.१. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली, म्हणजे लुकडी मुलं आपल्याकडे २५.६ टक्के, देशात १९.३.

गटात दोन तट पडलेत. काही म्हणतात उत्पन्न फुगवलेलं आहे, काही म्हणतात सर्वेक्षणच चुकलं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं का? आणि जिल्ह्यापुरती तुलना करायची तर कोणते आकडे शेजारी ठेवावेत?

ताळेबंद

दोन्ही खरं असू शकतं, कारण दोन्ही आकडे वेगळ्याच गोष्टी मोजतात. राज्य उत्पन्न म्हणजे राज्याच्या हद्दीत वर्षभरात झालेली मूल्यवृद्धी. ती कोणाच्या घरात गेली, हे त्यात येत नाही. कंपनीने मागे ठेवलेला नफा, सरकारला गेलेला कर, बाहेरच्या भागधारकाला गेलेला लाभांश, सगळं त्यात आहे.

अडीच लाखांना बाराने भागा: माणशी महिना सुमारे २१,००० रुपये. आता त्याच वर्षाचं घरगुती उपभोग खर्चाचं सर्वेक्षण घ्या. महाराष्ट्रात माणशी मासिक खर्च ग्रामीण भागात ४,०१० आणि शहरी भागात ६,६५७ रुपये. चौघांच्या ग्रामीण कुटुंबाच्या वाट्याला कागदावर ८४,००० येतात आणि खर्च होतात १६,०००. बचत आणि कर वजा धरले, श्रीमंत घरं सर्वेक्षणात नीट सापडत नाहीत हेही धरलं, तरी दरी राहतेच.

केरळशी ताडून पाहा. २०२३-२४ मध्ये देशाचं दरडोई उत्पन्न १०० धरलं तर महाराष्ट्र सुमारे १५१ आणि केरळ सुमारे १५३, म्हणजे जवळपास बरोबरी. पण २०२२-२३ चा ग्रामीण खर्च केरळात ५,९२४ रुपये. आपला ४,०१० हा देशाच्या ३,७७३ च्या जरासाच वर आहे.

आणखी एक खाच. रेल्वे, दूरसंचार, बँका, विमा यांचं उत्पन्न देशपातळीवर काढून मग राज्यांत वाटलं जातं. बँकांसाठी ठेवी आणि कर्जं हे निकष असतात. मुंबईच्या शाखेत मंजूर झालेलं कर्ज वापरलं जातं भलतीकडेच. म्हणून ‘आकडा फुगवलेला’ हा आरोप टिपणात करू नका, तो टिकणार नाही. ‘आकड्याचा मोठा भाग मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात साठलेला आहे’ असं लिहा. राज्याच्या आर्थिक पाहणीतला जिल्हावार तक्ता ते दाखवतो. नंदुरबार, वाशीम, गडचिरोली त्यात तळाला असतात.

ऋतुजा_पी

केरळशी तुलना जपून करा. आखातातून येणारा पैसा केरळच्या राज्य उत्पन्नात धरला जात नाही, पण घरखर्चात दिसतो. दरीचा काही भाग तिथून येतो.

आणि महाराष्ट्राचं सगळंच वाईट आहे असा सूर नको. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार (जन्म-मृत्यूंच्या सरकारी पाहणीनुसार) आपला अर्भक मृत्युदर हजारी १६, देशाचा २८. २०१८-२० चं मातामृत्यूचं प्रमाण लाखामागे ३३, देशाचं ९७. दवाखान्यातलं बाळंतपण, लसीकरण, नवजात अर्भकाची काळजी ही कामं यंत्रणा करू शकते आणि तिने केली आहेत. मूल जगतं. पुढच्या दोन वर्षांत त्याच्या ताटात काय पडतं, तिथे गाडी अडते.

सातपुडा

ऋतुजाताईंचा मुद्दा पुढे नेतो. ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं महाराष्ट्रात दहातल्या एकापेक्षाही कमी आहेत. आईची स्थिती पाहा: १५ ते ४९ वयाच्या २०.८ टक्के स्त्रियांचं वजन उंचीच्या मानाने कमी, केरळात १०.१. वयाच्या विशीच्या पूर्वार्धातल्या २१.९ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं, केरळात ६.३. हडकुळ्या, कमी वयाच्या आईचं बाळ जन्मतःच कमी वजनाचं असतं आणि राज्याचा विकासदर वाढल्याने ते वजन भरून निघत नाही.

आता सापळा. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात महाराष्ट्रातली गरिबी २०१५-१६ च्या १४.८ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७.८१ वर आली. बैठकीत कोणीतरी हा आकडा पुढे करणारच. त्याची रचना समजून घ्या. पोषणाचं वजन एक षष्ठांश. वीज, स्वयंपाकाचा गॅस, शौचालय, पाणी, घर, वस्तू, बँक खातं या सातांचं मिळून एक तृतीयांश. एकूण वंचिततेचा भार एक तृतीयांश झाला तरच माणूस गरीब मोजला जातो. म्हणजे घरात कुपोषित मूल आहे, पण बाकी सगळं असेल तर ते घर गरीब ठरत नाही. त्यामुळे गरिबी निम्मी झाली, आणि खुज्या (वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या) मुलांचं प्रमाण मात्र ३४.४ वरून ३५.२, म्हणजे होतं तिथेच. गॅस आणि खातं पोचलं हे चांगलंच झालं, पण त्याला पोषणाचा पुरावा म्हणून वापरू देऊ नका.

गोदाकाठ

हे फार उपयोगाचं आहे. आमच्या तालुक्यांतून ऊसतोडीला मोठं स्थलांतर होतं. त्याचा आकड्यांवर काय परिणाम होतो?

ताळेबंद

दोन्हीकडून होतो. उसाचं मूल्य जिथे ऊस पिकतो त्या जिल्ह्याच्या उत्पन्नात धरतात. तोडणाऱ्या कोयत्याची (तोडणी करणाऱ्या जोडप्याची) उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, मात्र गावाकडे खर्च होते. शिवाय दरडोई काढताना भागायची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून पुढे ओढलेली असते. ज्या जिल्ह्यातून माणसं कायमची बाहेर गेलीत तिथे भाजक खऱ्यापेक्षा मोठा राहतो आणि दरडोई आकडा कमी दिसतो. ठाण्यासारख्या जिल्ह्यात उलटं होतं.

सातपुडा

पोषणाच्या बाजूने: हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. फडावर गेलेल्या मुलाचा घरपोच आहार मूळ गावच्या अंगणवाडीच्या यादीत राहतो. दुसऱ्या गावात नोंद हलली नाही तर वजन-उंचीही त्या महिन्यांत होत नाही.

म्हणून अंगणवाडीचे आकडे घेताना आधी विचारा, पटावर किती मुलं आणि त्यातली मोजली किती. उरलेली बहुधा सगळ्यात अडचणीतली असतात. मग विचारा, वयाप्रमाणे वजन की उंचीप्रमाणे वजन? सॅम (अतितीव्र कुपोषण) ठरतं ते उंचीप्रमाणे वजन उणे ३ प्रमाण विचलनाखाली असल्यास किंवा दंडघेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरल्यास. नुसतं वजन करून उंची अंदाजे लिहिली की सॅम मुलं कागदावरून नाहीशी होतात. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून, फळीवरच घ्यायला हवी.

ताळेबंद

मग टिपणात एका पानाचा तक्ता करा. पहिल्या स्तंभात स्थिर किमतींना जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न (चालू किमतींचे आकडे वर्षावर्षांत ताडू नका, त्यात महागाईही असते). शेजारी एनएफएचएस-४ आणि ५ मधले निवडक चारच निर्देशक: खुजी मुलं, लुकडी मुलं, स्त्रियांचं कमी वजन, बालविवाह. राज्य आणि देश यांचे आकडे खाली.

जिल्हा पातळीवर दोन-तीन अंकांच्या फरकाला वाढ किंवा घट म्हणू नका. ३०० मुलं मोजली असतील तर नुसत्या नमुन्यामुळेच ३५ टक्क्यांच्या आकड्यात साडेपाच अंकांची चूक दोन्ही बाजूंना संभवते. गावांच्या गटवार निवडीमुळे ती आणखी वाढते. एनएफएचएसच्या तक्त्यात कंसातला आकडा म्हणजे नमुना ५० च्या खाली, तो वगळा. तारांकित असेल तर आकडाच नाही.

शेजारच्या जिल्ह्याची तुलना करायची असेल तर ठाण्याला हात लावू नका. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, पण चौथ्या फेरीतलं ठाणं २०११ च्या जुन्या हद्दीचं आहे.

ऋतुजा_पी

महाराष्ट्रातलं पाचव्या फेरीचं क्षेत्रकाम २०१९ च्या जून ते डिसेंबरात झालं, म्हणजे कोविडच्या आधी. ‘टाळेबंदीमुळे आकडे बिघडले’ हे उत्तर आलं तर ही तारीख तळटिपेत तयार ठेवा.