रामनगरजवळचा पंप, लॉज आणि स्टेटमेंटमधील अनोळखी नोंदी

खानापूरकर (प्रश्न)
नमस्कार. गेल्या आठवड्यात मडगावहून अनमोड घाटमार्गे परतताना पावसामुळे रात्र झाली आणि रामनगरच्या अलीकडे रस्त्यालगतच्या एका लॉजवर मुक्काम करावा लागला. सकाळी शेजारच्याच पंपावर डिझेल भरले. दोन्हीकडे क्रेडिट कार्ड वापरले. आता बँकेच्या ॲपमध्ये पंपाच्या नोंदीत 2,529.50 रुपये दिसतात, मी मात्र मोजून 2,500 चेच भरले होते. शिवाय हुबळीच्या कोणत्या तरी एंटरप्रायझेसच्या नावावर 2,000 आणि 1,575 अशा दोन नोंदी असून दुसरीची तारीख आम्ही घरी पोहोचल्यानंतरची आहे. हुबळीत त्या दिवसांत मी पाऊलही ठेवलेले नाही. मुलगा म्हणतो, आधी कार्ड ब्लॉक करा. करावे का?

संकेश्वरचा हिशेबनीस
मी पंपावरच हिशेब पाहतो, त्यामुळे वरच्या 29.50 चा उलगडा सांगू शकतो. इंधनावर कार्डाचा 1 टक्का अधिभार म्हणजे 25 रुपये आणि त्या 25 वर 18 टक्के जीएसटी म्हणजे साडेचार रुपये; हे पैसे पंपाच्या गल्ल्यात येत नाहीत, तरी रोज कोणी ना कोणी आमच्याशीच हुज्जत घालतो. रक्कम कार्डाच्या ठरलेल्या मर्यादेत असेल तर बहुतेक बँका 25 रुपये नंतर जमा करतात, वरचा कर मात्र सहसा परत मिळत नाही.

नावाचे म्हणाल तर फलकावर एक नाव आणि मशीनवर दुसरे, हे आपल्या भागात सर्रास आढळते. मालकाची फर्म हुबळीत नोंदलेली असेल तर स्टेटमेंटमध्ये हुबळीच येणार. मशीनची बॅच, म्हणजे दिवसभराचे व्यवहार, त्याच रात्री बँकेकडे सेटल झाली नाही, तर नोंदीची तारीखही पुढे सरकते.

टिळकवाडीचे निवृत्त बँक कर्मचारी
1,575 हे लॉजचे बिल असावे; खरा प्रश्न 2,000 चा आहे, ती लॉजने घेतलेली अनामत दिसते. ती चिठ्ठी शोधा आणि तिच्यावर ‘प्री-ऑथ’ छापले आहे की ‘सेल’, ते पाहा. प्री-ऑथ असेल तर रक्कम फक्त अडवून ठेवलेली असते आणि काही दिवसांत आपोआप मोकळी होते. छोट्या लॉजवर मात्र अनामतही सरळ ‘सेल’ म्हणूनच, म्हणजे पूर्ण वसूल करून, घेतात. बॅच सेटल होण्यापूर्वी तो व्यवहार मशीनवरच रद्द करता आला असता; आता लॉजने रिफंड द्यायला हवा, न दिल्यास बँकेकडे डिस्प्यूट, म्हणजे त्या व्यवहारावर हरकत, नोंदवावा.

तक्रारीत ‘फसवणूक’ हा शब्द मात्र लिहू नका. कार्ड तुम्ही स्वतः दिले, पिन स्वतः दाबला. मग तक्रार तिथेच लंगडी पडते आणि कार्ड ब्लॉक होऊन नवे आले की वीजबिलापासून सगळे ऑटो-पे पुन्हा जोडत बसावे लागते. परंतु एखादी नोंद तुमच्या कोणत्याच व्यवहाराशी जुळत नसेल, तर एक दिवसही थांबू नका. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, अशा अनधिकृत व्यवहाराची माहिती बँकेचा संदेश आल्यापासून 3 कामकाजी दिवसांत दिली, तर ग्राहकावर काहीच भार पडत नाही. 4 ते 7 कामकाजी दिवसांत दिल्यास मर्यादित भार पडतो.

खानापूरकर
आभारी आहे, काका. चिठ्ठ्या गाडीच्या डॅशबोर्डवर सापडल्या. उन्हाने शाई उडाली आहे, पण उजेडात तिरकी धरल्यावर 2,000 च्या चिठ्ठीवर ‘सेल’ वाचता येते आणि खाली पेनाने खोली क्रमांक 6 लिहिला आहे. लॉजच्या मॅनेजरना फोन केला. अनामत सकाळी रोख परत द्यायची होती, पण आम्ही साडेपाचलाच निघालो तेव्हा ते झोपले होते आणि काउंटरवरच्या पोराने अनामतीची चौकशी न करता पूर्ण बिल कार्डावर घेतले, असे त्यांनी कन्नडमिश्रित मराठीत सांगितले. रिफंड कार्डावरच करतो म्हणाले आहेत. आठवडाभरात जमा न झाल्यास दोन्ही चिठ्ठ्यांचे फोटो जोडून डिस्प्यूट नोंदवीन. कार्ड ब्लॉक केलेले नाही.