सर्वांना वापरता येईल असा ऑनलाइन अभ्यासक्रम कसा रचावा?

प्रश्न (नाशिकरोड):
नमस्कार. पदवीच्या वर्गासाठी मी अर्थशास्त्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करीत आहे. वर्गात काही दृष्टिबाधित विद्यार्थी आहेत, तर सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील अनेकजण गावी गेले की नेटवर्कअभावी मागे पडतात. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १:
मॅडम, आधी नोट्स तपासून घ्या. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संगणकीय अक्षरपद्धती येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर आपल्याला पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतो. परंतु एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली) त्यामागची रोमन अक्षरे आणि चिन्हे वाचत सुटतो, आणि विद्यार्थ्याच्या कानी अर्थहीन आवाज तेवढे पडतात. स्कॅन केलेल्या पानांत तर त्याला वाचण्यासारखे काहीच सापडत नाही. मथळे नुसते ठळक न करता त्यांना हेडिंगची शैली द्यावी. आलेखाखाली ‘मागणी वक्र’ एवढेच न लिहिता ‘किंमत वाढते तशी मागणी घटते, म्हणून वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो’ असे वर्णन द्यावे. काम वेळखाऊ आहे, पण ते टाळू नये अशी कळकळीची विनंती.

उत्तर २:
व्हिडिओसोबत ध्वनिफीत आणि लेखी संहिताही द्यावी, म्हणजे नेटवर्क असेल तेव्हा ती उतरवून घेता येते. संहिता कर्णबधिरांनाही उपयोगी पडते. चाचणी ठरावीक तासाला न ठेवता तिला आठवडाभराची मुदत द्या.

उत्तर ३:
2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेसह (म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितातील अडचण) दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, आणि त्यांतील बरेच वरवर पाहून ओळखू येत नाहीत. म्हणून प्रमाणपत्र मागण्याआधी, काय अडते हे प्रत्येकाला खासगीत विचारावे.