मदत हवी आहे: तक्रार 'निकाली', काम मात्र तसंच

नमस्कार मंडळी, नगरपरिषदेच्या कारभाराची माहिती असलेल्यांनी जरा वाट दाखवावी.

आमच्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराची तक्रार मी तीनदा ऑनलाइन केली. तिन्ही वेळा 'तक्रार निकाली काढली' असा मेसेज आला. गटाराकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही! आता खरा प्रश्न गटाराचा राहिलेलाच नाही. अशा 'निकाली' तक्रारी मोजूनच वर्षाअखेरीस कामगिरी उत्तम दाखवत असतील, तर तो आढावा काय कामाचा? तक्रारदाराला विचारल्याशिवाय तक्रार बंद करायचा अधिकार नेमका कुणाला असतो, संबंधित विभागाला की मुख्याधिकाऱ्यांना?

लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 चाळून पाहिला. पण तो अधिसूचित सेवांसाठी, म्हणजे दाखले, परवानग्या वगैरेंसाठी. गटाराची तक्रार त्यात बसेल असं वाटत नाही. चुकत असेन तर सांगा.

म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकायचं ठरवलंय. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, एवढं ठाऊक आहे. अडलंय ते शब्दांत. 'का केलं नाही' विचारलं की 'ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही' म्हणून हात वर करतात, हे ऐकून आहे. मग तक्रार नोंदवहीची नक्कल, स्थळपाहणीचा अहवाल आणि तक्रार बंद करताना मारलेला शेरा, एवढंच मागू का? वार्षिक प्रशासन अहवालही मागवावा का, की अर्ज उगाच लांबेल?

कुणी असा अर्ज केला असेल तर मजकूर कसा लिहिला ते कृपया सांगा. नगरसेवकांकडे जा, हा सल्ला सोडून. तिथे दोन चहा पिऊन झालेत.