मदत हवी आहे: डाळिंबाच्या सालीच्या अर्काची एमआयसी (बॅक्टेरियाची वाढ थांबवणारी किमान मात्रा) कशी वाचायची?

प्रोजेक्टसाठी डाळिंबाच्या सालीचा मिथेनॉल अर्क स्टॅफ ऑरियस या बॅक्टेरियावर टेस्ट करतेय. वेल डिफ्युजनला (अगारमधल्या खळग्यात अर्क घालून) वाढ न झालेला झोन छान स्वच्छ येतो, पण 96 वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमधे एमआयसी वाचताच येत नाहीये, बहुतेक टॅनिनमुळे म्युलर हिंटन ब्रॉथमधे (बॅक्टेरिया वाढवायच्या द्रवात) अर्क टाकल्या टाकल्या तपकिरी साका धरतो, मग वाढ कुठली नि साका कुठला काही कळत नाही. रेझाझुरिन (जिवंत बॅक्टेरिया असले की निळ्याचा गुलाबी होणारा रंग) घालून पाहिलं तर बॅक्टेरिया न घातलेल्या, नुसत्या अर्काच्या वेलपण निळ्याच्या गुलाबी झाल्या. ही सगळ्यात मोठी अडचण. अर्क 0.22 मायक्रॉनमधून गाळलाय, डीएमएसओ (अर्क विरघळवायचा द्रव) 1 टक्क्याच्या आत, त्याच्या कंट्रोलला वाढ नॉर्मल आहे. वेलमधून अगारवर ठिपके दिले तर एमबीसी (बॅक्टेरिया मारणारी किमान मात्रा) कळेल, मला एमआयसीच हवीय. प्लेट रीडर नाहीये. अगार डायल्युशन केलं (म्हणजे अर्क अगारमधेच मिसळला) तर टॅनिन तिथेही प्रोटीनला चिकटून एमआयसी जास्त दाखवेल का?