मदत हवी आहे : व्हीएममधलं डेबियन पॅकेज-बिल्ड फार रखडतंय

डेबियन या लिनक्स प्रणालीची काही पॅकेजं सांभाळतो. कोड पुश झाला की केव्हीएमवर (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) कोरं व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, उठतं, बिल्ड-डिपेन्डन्सी (बिल्डला लागणारी इतर पॅकेजं) इन्स्टॉल होतात, पॅकेज बनतं, टेस्ट चालतात आणि व्हीएम टाकून दिलं जातं. क्रूटने (होस्टच्याच कर्नलवर चालणारी वेगळी फाइल-चौकट) भागत नाही, काही टेस्टना कर्नल मॉड्यूल लोड करावं लागतं.

अडचण अशी की कंपाइल पटकन उरकतं, वेळ जातो तो त्याआधीच. लॉगमध्ये 'अनपॅकिंग', 'सेटिंग अप' या ओळी रांगत सरकतात. तेव्हा आत टॉप लावून पाहिलं तर सीपीयू रिकामा आणि आयओ-वेट (डिस्कची वाट पाहण्यात जाणारा वेळ) चढलेला. डीपीकेजी (पॅकेज इन्स्टॉल करणारं साधन) फायली लिहिताना एफसिंक करतं, म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत थांबतं, हे ठाऊक आहे, पण जे व्हीएम थोड्या वेळाने पुसलंच जाणार त्याचा डेटा एवढा जपायचा कशाला?

एकावेळी आठ कामं चालवणारं 'पॅरलल=८' देऊन झालं, फरक नगण्य. होस्टवर ॲप्ट-कॅशर-एनजी (डाउनलोड केलेली पॅकेजं साठवणारं प्रॉक्सी) बसवलं, डाउनलोडचा वेळ वाचला, रखडणं तिथेच. कृपया टेस्ट वगळणारं 'नोचेक' सुचवू नका, टेस्टसाठीच तर हा खटाटोप.

व्हीएम चालवणाऱ्या क्यूईएमयूला 'कॅश=अनसेफ' द्यावं की आत ईटमायडेटा (प्रोग्रामचे एफसिंक निष्प्रभ करणारं साधन) वापरावं? आणि सीकॅशचा (आधीच्या कंपाइलचे निकाल पुन्हा वापरणारं साधन) साठा कुठे ठेवता? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
अनसेफ बिनधास्त लावा. गेस्टने (व्हीएममधल्या प्रणालीने) मागितलेला फ्लश, म्हणजे डेटा डिस्कवर उतरवण्याची विनंती, क्यूईएमयू कानाआड करतं. होस्टची वीज गेली तर ती डिस्क बिघडेल, पण ती तुम्ही फेकणारच आहात. मूळ इमेज मात्र तशी बनवू नका. ती फक्त वाचण्यापुरती ठेवा आणि दर बिल्डला तिच्यावर नवा क्यूकाऊ२ ओव्हरले (फक्त बदल साठवणारी वरची डिस्क फाइल). डेबहेल्पर (पॅकेज बनवायची साधनं) वगैरे नेहमीचा ऐवज तिच्यातच भरून ठेवलात तर निम्मं इन्स्टॉल करावंच लागणार नाही. ईटमायडेटा ॲप्टपुरतंच, म्हणजे पॅकेजं इन्स्टॉल करण्यापुरतंच. टेस्टभोवती गुंडाळलंत तर एफसिंकवर विसंबलेल्या टेस्टना काही अर्थच उरणार नाही.

प्रतिसाद २
सीकॅशसाठी होस्टचा फोल्डर व्हर्टआयओ-एफएसने द्या, फोल्डर वाटून देण्याची दुसरी पद्धत ९पी बारीकसारीक फायलींना संथ पडतं. एकच डिस्क इमेज दोन व्हीएमना लिहायला दिलीत तर फाइलसिस्टमची वाट लागेल. आणि बिल्डचा पाथ दर वेळी बदलत असेल तर डीबग माहितीमुळे हिट (साठ्यातले तयार निकाल) मिळत नाहीत, म्हणून पाथ एकच ठेवा. 'सीकॅश -एस' चालवून आकडे बघत राहा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार! अनसेफ आणि ओव्हरले लावले, 'सेटिंग अप' आता धावतंय. मॅन-डीबीच्या ट्रिगरशी (इन्स्टॉलनंतर मॅन-पानांची सूची आपोआप ताजी करणारं काम) तेवढं अजून अडतं. तो बंद करता येतो का?

प्रतिसाद १
येतो. मूळ इमेजमध्ये डेबकॉन्फला (पॅकेजांच्या सेटिंग ठेवणारी यंत्रणा) 'मॅन-डीबी/ऑटो-अपडेट' फॉल्स देऊन टाका.