लिफ्टची गंमत आणि नानांचे सहा मजले

सेक्रेटरी, ८:१२
लिफ्टचं काम रात्री उरकलं. आजपासून चालू.

२०३, ८:१५
फक्त वर जाते. खाली यायला जिना वापरावा.

६०१ नाना, ९:४०
पोचलो खाली. वाटेत दोनदा टेकलो. सेक्रेटरी, एकाच बाजूची दुरुस्ती करून त्या माणसाने पूर्ण पैसे कसे घेतले?

१०४ ताई, ९:४२
अहो नाना, ती चेष्टा होती!

६०१ नाना, ९:४४
चेष्टा होती तर तसं लिहायचं. "जिना वापरावा" असं वाचलं, वापरला.

२०३, ९:४५
सॉरी नाना, मनापासून. समोर असतो तर माझ्या तोंडावरूनच कळलं असतं तुम्हाला.

१०४ ताई, ९:५३
दोघांनाही सांगते, हा घोळ आधी होऊन गेलाय, आणि तोही लिफ्टवरूनच! १९८२ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावर सगळ्यांना वाचता येईल असा एक फलक होता. त्यावर कोणीतरी गमतीत लिहिलं, की प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडलाय. काहींना ते खरं वाटलं. मग चर्चा सुरू झाली, विनोदाला खूण काय करायची? १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी सुचवलं, विनोद असेल तर :-) असं लिहा, मान वाकडी करून बघा. पुढे त्यांनी असंही म्हटलं, की सध्याचा रंग बघता जे विनोद नाहीत त्यांनाच खूण करणं सोयीचं. त्यासाठी :-( वापरा.

२०३, ९:५५
आणि त्यातून इमोजी आले.

१०४ ताई, ९:५६
सरळ नाही. १९९९ मध्ये जपानच्या शिगेताका कुरिता यांनी मोबाइलसाठी १७६ छोटी चित्रं केली, प्रत्येक १२ बाय १२ ठिपक्यांत. त्यात हवामान होतं, वाहनं होती, हृदय होतं. नुसते चेहरे नव्हते.

३०२ काकू, १०:०२
चित्रांनी तरी कुठे कळतंय? मागच्या आठवड्यात मी लिहिलं, पाय मुरगळलाय, मीटिंगला येत नाही. चौघांनी अंगठा दाखवला. अंगठा दाखवणं म्हणजे काय हे आमच्या पिढीला चांगलं ठाऊक आहे.

सेक्रेटरी, १०:०३
काकू, तो "समजलं" या अर्थी होता.

३०२ काकू, १०:०४
मग "समजलं" लिहायचं. चारच अक्षरं आहेत.

५०२, १०:०५
टाकीचं पाणी कधी सोडणार?

६०१ नाना, १०:२१
सावकाश टाइप करतोय, मध्ये बोलू नका.

मी ३१ वर्षं तारखात्यात काढली. शब्दामागे पैसे पडायचे, त्यामुळे माणूस आधी "कृपया" गाळायचा. मग "मी" जायचा, मग क्रियापदं. उरायचं ते "प्रकृती ठीक काळजी नको". आता हे धीर देण्यासाठी लिहिलंय की रागाने, घरच्यांनी कसं ओळखायचं? तार पोचायची, सूर आमच्या टेबलावरच राहायचा.

होय, टेबलावर राहायचा म्हणतो ते उगाच नाही. आम्हाला तो ऐकू यायचा. मोर्समध्ये टिंब आणि रेघ, दोनच गोष्टी. तरी पलीकडे कोण बसलाय ते दोन ओळींत ओळखायचो. त्याला आम्ही "हात" म्हणायचो. एकाची रेघ लांबट, दुसऱ्याची शेवटच्या अक्षराला घाई. एकजण चिडला की त्याची टिंबं तुटक यायची. मी त्याला कधी पाहिलं नाही, पण त्याची ड्यूटी कशी गेली ते सांगू शकायचो. जुन्या तारवाल्यांचे आकडेही असत. ३० म्हणजे मजकूर संपला, ७३ म्हणजे शुभेच्छा.

माणसाला गप्प बसून नुसता मजकूर पाठवता येतच नाही. कुठून तरी तो स्वतः डोकावतो. फक्त वाचणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

१०४ ताई, १०:२८
नाना, हे फार आवडलं. यावरून आठवलं, मेसोपोटेमियातली जुनी पत्रं सुरूच अशी होतात, "अमक्याला सांग, तमका असं म्हणतो." म्हणजे मातीच्या विटेवर अक्षरं उमटवली तरी ती कोणीतरी वाचून दाखवणार हे धरलेलं. सुराची सोय वाचणाऱ्याच्या गळ्यात!

सेक्रेटरी, १०:३०
तेव्हा तक्रारी नसतील.

१०४ ताई, १०:३४
होत्या की! उर शहरातल्या एया-नासिर नावाच्या व्यापाऱ्याला नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाने लिहिलेली वीट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, इ.स.पू. १७५० च्या आसपासची. तांबं हलकं दिलं ही तक्रार आहेच, पण माझ्या माणसाला तुच्छतेने वागवून परत पाठवलंस, याचाही राग तितकाच. म्हणजे मालाइतकंच बोलणंही लागलं होतं.

२०३, १०:३६
तुच्छता मात्र विटेवरूनही नीट पोचते. विनोदच का अडकतो?

१०४ ताई, १०:४१
कारण विनोदात शब्द एक सांगतात आणि सूर उलटं. रागात दोघे एकाच बाजूला असतात, सूर गळला तरी फारसं बिघडत नाही. तुझ्या मेसेजमधून सूर काढला की उरते ती नोटीस.

३०२ काकू, १०:४४
म्हणून मी बोलूनच पाठवते.

२०३, १०:४५
काकू, कालचा तुमचा निरोप साडेचार मिनिटांचा होता.

३०२ काकू, १०:४६
ऐकलास का?

२०३, १०:४६
अर्धा.

६०१ नाना, १०:५०
१८५८ मध्ये अटलांटिकखालच्या पहिल्या केबलवरून राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा निरोप जायला सोळा तास लागले होते. पलीकडच्याने तो पुरा घेतला.

२०३, १०:५१
ऐकतो, ऐकतो. आणि संध्याकाळी वर येऊन माफी मागतो. लिफ्टने.

सेक्रेटरी, १०:५५
ठरलं. यापुढे गंमत असेल तर शेवटी हसरा चेहरा टाकायचा. लिफ्ट, पाणी आणि मेन्टेनन्स या विषयांवर गंमत अजिबात नको.

५०२, १०:५६
पाणी?

सेक्रेटरी, १०:५७
११ वाजता. गंमत नाही.

६०१ नाना, ११:०१
७३.

३०२ काकू, ११:०४
नाना, आपल्याकडे ७३ नंबरचा फ्लॅट नाही. कोणाला बोलावताय?